स्टोअरबाईंच्या टोपल्या

पुण्याच्या सुनेला बाईंनी ईस्टरच्या टोपलीत कानात घालायचे रबरी बोळे दिले, ही गोष्ट आमच्या गल्लीत अजूनही सांगतात. टोपलीत एक टॉर्च होता, सुईदोऱ्याची डबी होती, उकडलेली अंडी होती आणि कागदात गुंडाळलेले हे बोळे. सुनेला ते काय आहे तेच कळेना. बाई शांतपणे म्हणाल्या, "माह्या पोराचं घोरणं मले माहीत आहे. त्याच्या बापाचंबी असंच होतं. मले कोणी बोळे दिले नाईत." मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. सून आधी लाजली, मग हसली. पुढच्या वर्षी आली तेव्हा तिने सगळ्यांसमोर सांगितलं, की लग्नापासून मिळालेल्या भेटींत रोज वापरात आहे अशी ही एकच.

मी तेव्हा अमरावतीत बाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. माझं गाव मोर्शीकडचं, घरी संत्र्याची बाग. शहरातल्या एका शाळेत शिक्षणसेवक म्हणून नुकतीच लागले होते. बाईंची सगळी नोकरी एका मोठ्या दवाखान्याच्या भांडारात झाली होती. चादरी, कापूस, साबण, कंदिलाच्या काचा, जे लागेल ते त्यांच्या हातून वाटलं जायचं. म्हणून निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी गल्ली त्यांना स्टोअरबाई म्हणायची. पाळकसाहेबसुद्धा म्हणायचे.

खोली बघायला गेले त्या दिवशी बाईंनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही. दारातच विचारलं, "दिवे गेले तं तुमच्याजवळ काय आहे?" भारनियमनाचे दिवस होते, दिवे तर रोजच जायचे. मी म्हटलं, काहीच नाही. त्या आत गेल्या, मेणबत्ती आणि काडेपेटी आणून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "आता खोली पाहा." माझ्या आईला आधी काळजी होती, पोरगी ख्रिस्ती घरात राहणार, कसं जमेल. ही मेणबत्तीची गोष्ट ऐकल्यावर तिने परत कधी तो विषय काढला नाही.

बाईंचा एक ठरलेला प्रश्न होता. "सोमवारी काय?" रविवारी माणूस चर्चमध्ये जातो, चांगले कपडे घालतो, चांगलं ऐकतो, चांगलं खातो. पण खरा दिवस सोमवार, असं त्यांचं मत. शेजारी कोणी नवीन सोफा आणला की त्या बसून बघायच्या आणि विचारायच्या, सोमवारी यावर कोण बसन? उपासना संपली की दारात पाळकसाहेबांचा हात हातात घ्यायच्या. "उपदेश चांगला झाला जी. पण सोमवारी काय करायचं?" पाळकसाहेब तरुण होते, नव्यानेच आले होते. पहिले काही रविवार ते गोंधळले. मग त्यांनी उपदेशाच्या शेवटी एक तरी करता येण्याजोगी गोष्ट सांगायला सुरुवात केली. अमक्या आजीला दवाखान्यात भेटून या, चर्चच्या मागची नाली साफ करायची आहे, असं काही. मंडळी वाढली, असं ते स्वतःच म्हणायचे.

ईस्टरच्या टोपल्या याच प्रश्नातून निघाल्या होत्या. बाईंना दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला पुण्यात कंपनीत, मधला अकोल्याला रेल्वेत, आणि धाकटी एस्तेर, जिला सगळे एस्तू म्हणत, अंजनगाव सुर्जीला दिलेली. त्या सगळ्यांना आणि नातवंडांना दर ईस्टरला बाई एकेक टोपली द्यायच्या. टोपलीत ठेवलेली वस्तू सोमवारी कामात आली पाहिजे, हा नियम. टोपलीसुद्धा शोभेची चालायची नाही. बाजारात बुरडाच्या समोर उकिडवं बसून त्या टोपलीचा तळ अंगठ्याने दाबून बघायच्या. म्हणायच्या, उद्या यात कांदे राहिले पाहिजेत.

वर्षभर त्या माणसांकडे बघत असायच्या. कोणाला काय कमी आहे, ते बोलण्यातून टिपायच्या. अकोल्याचा नातू एकदा रडत म्हणाला की ताई माझ्या वस्तूंना हात लावते. त्या ईस्टरला त्याच्या टोपलीत पत्र्याची छोटी पेटी, कुलूप आणि किल्ली निघाली. तो नाचला. मग ताईने आपली टोपली उघडली, तर तिच्यात त्याच कुलपाची दुसरी किल्ली. बाई म्हणाल्या, "आता ठरवा तुमी दोघं." त्या दोघांनी दुपारभर बसून खरंच काहीतरी ठरवलं. दोघं मोठी झाली तरी काय ठरवलं ते कोणाला सांगत नाहीत.

पुण्याच्या नातीने एकदा टीव्हीत बघितलेलं चॉकलेटचं अंडं मागितलं. बाईंनी चॉकलेट आणलं नाही. पण होळीच्या वेळी पळसाची फुलं आणून वाळवून ठेवली होती, ती पाण्यात उकळून त्यात अंडी घातली. अंडी केशरी झाली. सोबत पुडीत मीठमिरी. ती पोरगी आधी हिरमुसली, मग तिने एकापाठोपाठ एक तीन अंडी खाल्ली आणि टरफलं रुमालात बांधून पुण्याला घेऊन गेली.

बाईंबरोबर खरेदीला जाणं ही एक परीक्षा असायची. त्या प्रत्येक वस्तू दुकानातच वापरून बघायच्या. छत्री उघडायच्या, नेलकटरने स्वतःचं नख कापायच्या, गरम पाण्याची पिशवी दुकानदाराकडून पाणी मागून भरायच्या आणि उलटी धरायच्या. एका दुकानात त्यांनी शिट्टी वाजवून बघितली, तर बाहेर चौकातला वाहतूक पोलीस वळून बघायला लागला. त्या दुकानदाराने मला नंतर एकटीला गाठून विचारलं, की बाईंच्या घरी अजून किती नातवंडं व्हायची आहेत.

ती वर्षं वऱ्हाडात बरी नव्हती. सकाळच्या पेपरात रोज कुठल्या तरी गावाचं आणि तिथल्या जीव दिलेल्या शेतकऱ्याचं नाव असायचं. शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर आला की आमच्यातलं कोणीतरी ते पान न बोलता उलटून ठेवायचं. पाऊस दगा देत होता, विहिरी जानेवारीतच तळाला जात होत्या. आमच्या बागेची निम्मी झाडं वाळली होती. पण झळ नुसती शेतकऱ्याला लागत नव्हती.

एस्तूचा नवरा दानियल अंजनगावला मोटारी भरायचा. विहिरीवरची मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळून द्यायची, हे त्याचं काम. हात असा की आजूबाजूच्या गावांतून लोक बैलगाडीत घालून मोटारी आणायचे. हसरा माणूस. तारेत मान घालून बसला की चष्मा नाकावरून घसरायचा, म्हणून एका ईस्टरला बाईंनी त्याला चष्म्याची दोरी दिली होती, आणि ती गळ्यात घालून तो दिवसभर मिरवला होता. पण विहिरीतच पाणी नाही तर मोटार भरून कोण काय करणार? आधी कामं कमी झाली, मग थांबली. त्याने दुकान उघडणं बंद केलं आणि घरी बसायला लागला.

त्या नाताळला ते दोघं आले नाहीत. लेकराला ताप आहे म्हणाले. मार्चमध्ये एस्तूचा फोन आला, की ईस्टरलाही येणं होत नाही. बाईंनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर बाजारात जाऊन त्यांनी एक टॉर्च घेतला. तो त्यांनी दुकानात पेटवूनही बघितला नाही, तसाच आणून कपाटात ठेवून दिला. तेव्हा मला कळलं, की बाई घाबरल्या आहेत.

त्यानंतर बरीच माणसं अंजनगावला जाऊन आली. पुण्याचा मुलगा आला, अकोल्याचा गेला, पाळकसाहेब गेले. सगळ्यांनी दानियलला धीर दिला, दिवस पालटतात म्हणून सांगितलं, प्रार्थना केली. प्रत्येक जण परत येऊन सांगायचा, की तो नुसता मान हलवतो. दाढी करत नाही. एस्तू त्याला एकटं सोडून नळावरसुद्धा जात नाही.

ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार झाला. हातात झावळ्या घेऊन मुलं गल्लीतून गात गेली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर बाईंच्या ओसरीत सगळ्यात मोठं टोपलं ठेवलेलं. त्यात त्यांचा स्वतःचा मिक्सर होता, जो गेल्या पावसाळ्यापासून बंद होता. त्याच्या शेजारी कूलरचा पाण्याचा पंप, तोही गेलेला. मला म्हणाल्या, तुझा टेबलफॅन आण. मी म्हटलं, तो चालतो. त्या म्हणाल्या, चालते पण खडखड करते, आण. मग त्या शेजारच्या चाचींकडे गेल्या. चाचींनी माळ्यावरून कूलरची मोटार काढून दिली आणि म्हणाल्या, "पिछले साल से पड़ी है बाई. ले जाव." कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने एक जुनी इस्त्री दिली. शेवटी बाई चर्चमध्ये गेल्या आणि व्यासपीठावरचा पंखा मागून आणला. तो बंद असल्यामुळे उपदेश करताना पाळकसाहेबांचा घाम कागदावर पडायचा.

आमच्याकडे ईस्टरचे दिवस म्हणजे कूलर खाली उतरवायचे दिवस. ऊन चढायला लागतं, माळ्यावरचे कूलर निघतात, आणि निम्मे तरी चालत नाहीत. मिस्त्री मिळत नाहीत. हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण बाईंच्या डोक्यात काय आहे, ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मला ते अजिबात पटलं नाही.

मी म्हटलं, "बाई, माणूस आधीच खचलेला आहे. त्याला ईस्टरच्या टोपलीत भंगार पाठवायचं? त्याला काय वाटेल?"

बाई टोपल्यात वस्तूंच्या मधोमध जुन्या कापडाचे बोळे दाबत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "सगळे त्याले समजावून राहिले. दोन्ही पोरं समजावून आले, पाळकसाहेब समजावून आले. समजावून समजावून त्याले आजारी करून टाकलं. त्याले कोणी काम सांगतलं काय?"

मग शेवटचा बोळा दाबून म्हणाल्या, "अन् हे तूच घेऊन जा. मी गेले तं तो उठून उभा राहीन, मले खुर्ची देईन, एस्तूले चहा सांगन, हसून दाखवन. मी परत निघेपर्यंत जावई होऊन बसन. तुह्यासमोर त्याले तसं करा लागणार नाई. सांगजो, हे सगळं रविवारी पाहिजे. सोमवारी नाई, रविवारी."

बाईंच्या तोंडून सोमवार सोडून दुसरा वार मी पहिल्यांदाच ऐकला.

शाळेतून रजा काढली आणि सकाळच्या एसटीने निघाले. कंडक्टरने टोपल्यात डोकावून विचारलं, भंगार कुठे विकता? मी म्हटलं, विकत नाही, भेट द्यायला नेते आहे. त्याने तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या सीटकडे गेला. वलगाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळी रानं उघडी पडलेली, भेगाळलेली. मांडीवर टोपलं धरून मी वाक्य जुळवत होते, की त्याला काय सांगायचं, कसं सांगायचं.

दार एस्तूने उघडलं. टोपलं बघून तिचा चेहरा आधी उजळला, मग आतल्या वस्तू बघून उतरला. हळू आवाजात, पण रागाने म्हणाली, "आईले सांग, आमचं घर भंगाराचं दुकान नाई." आत दानियल भिंतीला टेकून खाटेवर बसला होता. दाढी वाढलेली. मला ओळखून त्याने मान हलवली. मी टोपलं खोलीच्या मध्ये ठेवलं आणि जुळवलेली सगळी वाक्यं विसरून बाईंचा निरोप जसाच्या तसा सांगितला, की हे सगळं रविवारी पाहिजे.

एस्तूने चहा केला. आम्ही दोघी प्यायलो, त्याच्या कपावर साय धरली. मी परत निघायच्या बेताने पिशवी उचलली, तेव्हा दानियलने खाटेवरूनच हात लांब केला आणि मिक्सर उचलला. बोटाने त्याचा दांडा फिरवला. कानाशी नेऊन परत फिरवला. तो खाली ठेवून चाचींची मोटार उचलली आणि नाकाशी धरून वास घेतला.

"हे कोणाची?"

"शेजारच्या चाचींची," मी म्हटलं.

"जळाली नाई हे. तेल नाई मिळालं हिले." मग पंपाकडे बघितलं, पाळकसाहेबांच्या पंख्याची जाळी दाबून बघितली. आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "एस्तू, पेचकस कुठी आहे?"

एस्तू हातात कप धरून उभी होती. म्हणाली, "दुकानात, अवजाराच्या पेटीत."

तो उठला. खुंटीवरची किल्ली काढली, टोपलं उचलून खांद्यावर घेतलं आणि पायात चपला सरकवून बाहेर गेला. थोड्या वेळाने पलीकडच्या बोळातून शटर वर जाण्याचा आवाज आला. गंजलेलं शटर, मध्ये एकदा अडकलं, मग पूर्ण गेलं. एस्तू उंबऱ्यावर बसली. मला म्हणाली, "आता मले एकदा नळावर जाऊन येऊ दे. तू बस इथी." आणि घागर घेऊन भरभर चालत गेली.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा बाई ओसरीतच होत्या. मी सगळं पहिल्यापासून सांगायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. "पेचकस मागतला काय?" मी हो म्हटलं. त्यांनी पदर सारखा केला, चपला घातल्या आणि चर्चचा पंखा येतो आहे हे सांगायला पाळकसाहेबांकडे निघून गेल्या.

ईस्टरच्या पहाटेची उपासना झाली. "प्रभू उठला आहे", "खरोखर उठला आहे" असं म्हणत लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. मीही त्या वर्षी गेले होते. पुण्याची, अकोल्याची सगळी आली होती. अंजनगावचं कोणी नव्हतं. बाई घरी येऊन स्वयंपाकाला लागल्या. उन्हं वर आल्यावर गल्लीत ऑटो थांबला. एस्तू उतरली, लेकरं उतरली, आणि मागून दानियल, दाढी केलेला, टोपलं दोन्ही हातांनी सांभाळत. बाईंनी ख्रिस्ती घरातल्या रीतीप्रमाणे त्याला सलाम केला आणि एवढंच विचारलं, "झालं काय सगळं?" तो म्हणाला, "इस्त्रीचं कॉइल नवीन टाकलं. बाकी सगळं जुन्यातच बसवलं."

पण दिवे गेलेले होते. टोपलं ओसरीत ठेवून सगळे वाट बघत बसलो. बाईंचे दोन्ही मुलगे, नातवंडं, चाची, इस्त्रीवाला, पाळकसाहेबसुद्धा झगा काढून येऊन बसले. दानियलने एक लांब वायर आणून सगळ्या वस्तू तिला जोडून ठेवल्या होत्या. आणि अकराच्या सुमाराला दिवे आले. एकाच वेळी पंखे फिरायला लागले, मिक्सर गरगरला, मोटारीला लावलेलं पातं भिंतीवर वारा मारायला लागलं, बादलीतल्या पंपाने पाण्याची धार थेट पुण्याच्या मुलाच्या नव्या शर्टावर सोडली. लेकरं ओरडायला लागली. मिक्सर कोणी बंदच करेना. चाचींनी आपल्या मोटारीला हात लावून बघितला आणि दानियलला म्हणाल्या, "ये तो नई हो गई. बेटा, घर में एक पंप भी है, जरा देख लेता क्या?" इस्त्रीवाल्याच्या घरीही एक कूलर होता. समोरच्या घरातून कोणीतरी हाक मारली. दानियलने पेचकस खिशात घातला आणि गेला.

पुढचं सांगून टाकते. त्या उन्हाळाभर दानियल आठवड्यातून एकदा अमरावतीला यायचा आणि टोपलं भरून कूलरच्या मोटारी घेऊन जायचा. मग अंजनगावचेच लोक मिक्सर, पंखे घेऊन यायला लागले. पावसाने पुढे थोडी दया केली, विहिरींना पाणी आलं, आणि शेतातल्या मोटारीही परत आल्या. आता त्याच्या दुकानाला दोन शटरं आहेत. बाईंनी ती दोन्ही स्वतः वरखाली करून बघितले होते. त्या पुढे बरीच वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत दुकानदारांना त्रास देत राहिल्या.

पण मला आठवते ती त्याच ईस्टरची दुपार. मटण झालं होतं, पोळ्या झाल्या होत्या, सगळ्यांची ताटं मांडली होती. बाईंच्या घरी सणाला सगळे बसल्याशिवाय प्रार्थना होत नसे आणि प्रार्थनेशिवाय कोणी घास उचलत नसे. एका ताटाची जागा रिकामी होती. दानियल चाचींच्या अंगणात पंप उघडून बसला होता. लेकरांना भूक लागली होती. पुण्याचा मुलगा दुसरा शर्ट घालून आला होता, त्यालाही लागली होती. एस्तू म्हणाली, "बोलावून आणते मी त्याले."

बाई म्हणाल्या, "त्याले कोणी हाक मारू नका. काम करून राहिला तो."

त्यांनी त्याच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. अन्नासाठी उपकार मानले, प्रवास सुखरूप झाला म्हणून मानले, प्रत्येकाचं नाव घेतलं, माझंही घेतलं. मग गप्प झाल्या. आम्हाला वाटलं संपली. पण आमेन म्हणेनात. नातवंडं एक डोळा उघडून एकमेकांकडे बघायला लागली. मीही बघितलं. बाई डोळे मिटून, मान थोडी भिंतीकडे कलती करून बसल्या होत्या. भिंतीपलीकडे चाचींच्या अंगणातला पंप एकदा घुरघुरला आणि बंद पडला. परत घुरघुरला, परत बंद पडला. आम्ही सगळे हात जोडून तसेच बसलो. पुढच्या खेपेला तो सुरू झाला आणि चालूच राहिला, पाणी पत्र्यावर पडायला लागलं.

बाई म्हणाल्या, "आमेन."